किताब वारशाने, वाचक मात्र कमावलेले
ब्रिटनमधील ‘डेली मेल’चे मालक, तिसरे लॉर्ड रॉदरमियर यांच्या कारकिर्दीचा वेध

१ सप्टेंबर १९९८ रोजी व्हियर हार्म्सवर्थ, म्हणजेच तिसरे व्हायकाउंट रॉदरमियर, यांचे लंडनमध्ये हृदयविकाराने निधन झाले. ते ७३ वर्षांचे होते. त्यांच्यामागे त्यांचे एकुलते एक पुत्र जोनाथन यांच्याकडे एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. पहिली, व्हायकाउंट हा किताब आणि त्यासोबत ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसण्याचा हक्क. दुसरी, ‘डेली मेल’, ‘मेल ऑन संडे’ आणि ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ चालविणाऱ्या ‘डेली मेल अँड जनरल ट्रस्ट’ या कंपनीचे अध्यक्षपद. त्या वेळी जोनाथन अवघ्या ३० वर्षांचे होते.

वरवर पाहता हा एकच वारसा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे दोन वेगळे नियम आहेत. किताब रक्ताच्या नात्याने येतो, त्यासाठी लायकी सिद्ध करावी लागत नाही. वृत्तपत्र शेअरच्या मालकीने येते आणि ते टिकवायचे तर वाचक रोज सकाळी पैसे मोजून विकत घेईल, असे काहीतरी त्याच्या हाती द्यावे लागते. व्हियर हार्म्सवर्थ यांच्या आयुष्यात हे दोन्ही नियम एकमेकांना भिडलेले दिसतात. ज्यांना उमेदीच्या काळात घरातही आणि धंद्यातही फारसे कोणी गंभीरपणे घेत नव्हते, त्यांनीच घराण्याचे बुडू पाहणारे वृत्तपत्र सावरले. ते त्यांनी कसे साधले आणि त्यातून कोणते प्रश्न शिल्लक राहिले, हे पाहण्यासारखे आहे.

उमरावपद म्हणजे नेमके काय?

ब्रिटनमधील उमरावांच्या पाच पायऱ्या आहेत. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन असा त्यांचा उतरता क्रम लागतो. म्हणजे रॉदरमियर घराण्याचा किताब वरून चौथ्या पायरीवरचा. किताब राजाकडून मिळतो. मात्र अलीकडच्या काळात तो पंतप्रधानांच्या शिफारशीने दिला जातो. वंशपरंपरागत किताब सर्वसाधारणपणे थोरल्या मुलाकडे जातो. मुलगी वयाने मोठी असली तरी बहुतेक घराण्यांत तिचा विचार होत नाही. मुलगा नसेल तर मूळ किताबधारकाच्या पुरुषवंशातील जवळच्या पुरुषाकडे तो जातो आणि तसा कोणी नसेल तर किताब संपुष्टात येतो.

दत्तकालाही येथे स्थान नाही. १८४८ मध्ये साताऱ्याच्या गादीचा दत्तक वारस नाकारून ईस्ट इंडिया कंपनीने ते संस्थान खालसा केले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. आपल्याकडे दत्तकपुत्र हा धर्मशास्त्राने मान्य केलेला वारस असताना तो नाकारण्यात आला. ब्रिटिश उमरावांच्या किताबांना मात्र दत्तकाचा वारसा पूर्वीही चालत नव्हता आणि आजही चालत नाही.

हा वंशपरंपरागत किताब एका हिंदी गृहस्थालाही मिळाला होता. बंगालमधील नामवंत कायदेपंडित आणि काँग्रेसचे माजी अध्यक्ष सत्येंद्रप्रसन्न सिन्हा यांना १९१९ मध्ये रायपूरचे बॅरन करण्यात आले. त्याच वर्षी व्हियर यांचे आजोबा हॅरॉल्ड हार्म्सवर्थ व्हायकाउंट झाले. जुन्या सरदारांच्या जोडीने वकील, कारखानदार, दारू गाळणारे आणि वृत्तपत्रांचे मालक उमराव होऊ लागले, तो हा काळ. राजकारण्यांना वृत्तपत्रांची मर्जी हवी होती आणि वृत्तपत्रांच्या मालकांना प्रतिष्ठा हवी होती.

दोन भावांनी घातलेला पाया

घराण्याचा पाया घातला तो आल्फ्रेड आणि हॅरॉल्ड या दोन भावांनी. आल्फ्रेड यांचा जन्म १८६५ मध्ये डब्लिनजवळ झाला. हॅरॉल्ड तीन वर्षांनी धाकटे. थोरल्याला वाचकाची नाडी कळत असे, तर सरकारी कार्यालयात कारकुनी केलेल्या धाकट्याला जमाखर्च कळत असे. १८९४ मध्ये त्यांनी तोट्यात गेलेले ‘इव्हनिंग न्यूज’ २५ हजार पौंडांना विकत घेतले आणि ४ मे १८९६ रोजी ‘डेली मेल’ सुरू केले. किंमत होती अर्धा पेनी. शाळा-शिक्षणाच्या प्रसारामुळे साक्षर झालेला, शहरात नोकरीवर जाणारा नवा मध्यमवर्ग डोळ्यांसमोर ठेवून त्यातील मजकूर आटोपशीर लिहिला जाई. पहिल्याच दिवशी ३ लाख ९७ हजार २१५ प्रती खपल्या.

आल्फ्रेड पुढे लॉर्ड नॉर्थक्लिफ झाले, १९०८ मध्ये त्यांनी ‘टाइम्स’ही ताब्यात घेतला. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा वारशाचे दोन नियम किती वेगळे आहेत, ते उघड झाले. त्यांना औरस संतती नव्हती; त्यामुळे नॉर्थक्लिफ हा किताब त्यांच्याबरोबरच संपला. वृत्तपत्रे संपली नाहीत. ‘टाइम्स’ अ‍ॅस्टर घराण्याकडे गेला आणि ‘डेली मेल’ हॅरॉल्ड यांनी पैसे मोजून आपल्या नियंत्रणाखाली आणले. त्याच वर्षी ‘डेली मेल अँड जनरल ट्रस्ट’ या कंपनीची स्थापना झाली.

आजोबांची छाया

हॅरॉल्ड, म्हणजे पहिले व्हायकाउंट रॉदरमियर, यांचे दोन थोरले मुलगे पहिल्या महायुद्धात बळी पडले. त्यांपैकी एकाचे नाव व्हियर होते. १९१६ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्ये तो मारला गेला. पुढे १९२५ मध्ये जन्मलेल्या नातवाला तेच नाव देण्यात आले.

धंद्यात कमालीचे चतुर असलेले हॅरॉल्ड राजकारणात मात्र आपले वृत्तपत्र हत्यारासारखे वापरीत. १९२४ च्या निवडणुकीपूर्वी अवघे काही दिवस ‘डेली मेल’ने सोव्हिएत नेते झिनोव्हिएव्ह यांच्या नावाचे एक पत्र छापून मजूर पक्षावर कम्युनिस्टांशी संधान बांधल्याचा ठपका ठेवला. ते पत्र बनावट होते, असे बहुतेक इतिहासकार मानतात. १९३० मध्ये हुजूर पक्षाचे नेते स्टॅन्ली बाल्डविन यांना पाठिंबा देण्याच्या बदल्यात भावी मंत्रिमंडळातील प्रमुख नावे आधी आपल्याला कळवावीत, अशी अट हॅरॉल्ड यांनी घातली. बाल्डविन यांनी ती जाहीर सभेत वाचून दाखविली. पुढल्या वर्षी त्यांनी या वृत्तपत्रसम्राटांवर आणखी कडक शब्दांत हल्ला चढविला. या मंडळींना सत्ता हवी आहे, पण जबाबदारी नको, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांच्या मालकीची चर्चा निघाली की आजही त्या भाषणाची आठवण काढली जाते.

भारताला स्वराज्याच्या दिशेने काही अधिकार देण्याच्या योजनांनाही १९३० च्या दशकात ‘डेली मेल’ने कडाडून विरोध केला. सर्वांत काळा डाग लागला तो १९३४ मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत हॅरॉल्ड यांनी स्वतःच्या नावाने लेख लिहून ऑस्वाल्ड मोस्ले यांच्या काळ्या डगलेवाल्या फॅसिस्ट संघटनेचा उदोउदो केला. काही महिन्यांत हा पाठिंबा त्यांनी मागे घेतला. पण हिटलरशी त्यांचा पत्रव्यवहार चालूच राहिला. १९४० मध्ये बर्म्युडा येथे त्यांचे निधन झाले. मालकाने लेखणी स्वतःच्या हाती घेतली की वृत्तपत्राचे काय होते, याचा धडा त्यांनी नातवासाठी ठेवला होता.

मधली पिढी एस्मंड यांची. वयाच्या २१ व्या वर्षी, १९१९ मध्ये, ते खासदार झाले. १९३६ च्या राजत्यागाच्या पेचात त्यांचे नाव येते. आठव्या एडवर्डने मिसेस सिम्प्सन यांच्याशी विवाह करावा. मात्र त्यांना राणीपद आणि त्यांच्या संततीला वारसाहक्क नसावा, अशी तडजोड त्यांनीच सुचविली होती. मंत्रिमंडळाने ती फेटाळली. वृत्तपत्राच्या बाबतीत मात्र एस्मंड यांना दिशा सापडली नाही. १९६० मध्ये त्यांनी ‘न्यूज क्रॉनिकल’ विकत घेऊन ‘डेली मेल’मध्ये विलीन केले, पण त्या उदारमतवादी पत्राचा वाचक टिकला नाही. ‘मेल’चे संपादक वरचेवर बदलत राहिले आणि लॉर्ड बीव्हरब्रुक यांचे ‘डेली एक्स्प्रेस’ दूर पुढे निघून गेले.

चार वर्षांचा साधा शिपाई

अशा घरात व्हियर वाढले. आई-वडिलांचा घटस्फोट झाला तेव्हा ते तेरा वर्षांच्या आत होते. महायुद्धाच्या काळात काही वर्षे अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या केंट स्कूलमध्ये आणि पुढे ईटनमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९४४ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. ईटनमधून आलेला उमरावाचा मुलगा सैन्यात अधिकारी होणार, हे त्या समाजात गृहीत धरलेले असे. व्हियर यांना अधिकारपद मिळाले नाही. चार वर्षे ते साधे शिपाई राहिले.

त्यांच्या वर्गात ही नामुष्की समजली गेली असेल. पण ज्या वाचकाला पुढे वृत्तपत्र विकायचे होते, त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपण्याची संधी फ्लीट स्ट्रीटच्या दुसऱ्या कोणत्या मालकाला क्वचितच मिळाली असेल. सैन्यातून सुटल्यावर दोन वर्षे त्यांनी कॅनडातील क्विबेक प्रांतात, घराण्याशी संबंधित असलेल्या कागद गिरणीत काम केले. १९५२ मध्ये ते कुटुंबाच्या ‘असोसिएटेड न्यूजपेपर्स’ या कंपनीत रुजू झाले.

त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे ते वडिलांच्या सावलीत होते. बोलणे संथ, मध्येच गप्प राहण्याची सवय, अंगाने धिप्पाड आणि चेहऱ्यावर काहीसे हरवल्याचे भाव. ‘प्रायव्हेट आय’ या उपहासात्मक पाक्षिकाने त्यांना ‘मियर व्हियर’, म्हणजे ‘नुसताच व्हियर’, असे टोपणनाव बहाल केले. वारशाने चालून आलेल्या मालकाकडे जग कसे पाहते, ते या दोन शब्दांत आले आहे.

१९७१ चा निर्णय

१९७० च्या सुमारास कंपनीची अवस्था बिकट होती. ‘डेली मेल’ आणि तिचे धाकटे भावंड ‘डेली स्केच’ ही दोन्ही दैनिके तोट्यात होती. ‘मेल’चा खप १८ लाखांच्या आसपास, तर ‘एक्स्प्रेस’चा जवळजवळ दुप्पट. दोन्ही घराण्यांत विलीनीकरणाची बोलणीही होऊन गेली होती. ती यशस्वी झाली असती तर ‘डेली मेल’ हे नाव बहुधा इतिहासजमा झाले असते.

१९७१ मध्ये व्हियर ‘असोसिएटेड न्यूजपेपर्स’चे अध्यक्ष झाले आणि त्यांनी धाडसी निर्णय घेतला. ‘स्केच’ बंद करून ते ‘मेल’मध्ये विलीन करायचे, ‘मेल’चा मोठा आकार सोडून अर्ध्या आकाराचे दैनिक काढायचे आणि संपादकपद ‘स्केच’चे संपादक डेव्हिड इंग्लिश यांच्याकडे द्यायचे. इंग्लिश तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होते. ३ मे १९७१ रोजी नव्या रूपातील ‘डेली मेल’ बाजारात आले.

आज हा निर्णय किरकोळ वाटेल. त्या काळी आकारावरून वृत्तपत्राची जात ओळखली जाई. मोठ्या आकाराची पत्रे गंभीर आणि छोट्या आकाराची सवंग, असा ठाम समज होता. रूपर्ट मर्डॉक यांनी १९६९ मध्ये ‘सन’ छोट्या आकारात काढून त्या समजाला बळकटीच दिली होती. व्हियर आणि इंग्लिश यांनी या दोहोंमधली जागा हेरली. आकार छोटा, पण वाचक मध्यमवर्गीय. स्वतःचे घर असलेला किंवा घराच्या कर्जाचे हप्ते भरणारा, मुलांच्या शाळेची काळजी वाहणारा, कर आणि महागाईने त्रासलेला वाचक त्यांना हवा होता. त्यातही त्यांचे लक्ष स्त्री वाचकांवर होते. फ्लीट स्ट्रीटमध्ये बाईला पाककृती आणि फॅशन पुरे, असे मानण्याची रीत होती. ‘मेल’ने आरोग्य, नातेसंबंध, पैसा, नोकरी हे विषय स्त्रियांसाठी मुख्य मजकुरात आणले. ‘टाइम्स’सारख्या पत्राने छोटा आकार पूर्णपणे स्वीकारला तो २००४ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी.

या निर्णयाची किंमत मात्र मालकाने नव्हे, कर्मचाऱ्यांनी मोजली. दोन दैनिकांचे एक झाले तेव्हा अनेक पत्रकारांच्या आणि कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. शिवाय यश लगेच आले नाही. पहिली काही वर्षे खप वाढण्याऐवजी घसरला. अशा वेळी संपादकाला हटविण्याचा मोह मालकाला होतो. व्हियर यांनी तो टाळला. इंग्लिश तब्बल एकवीस वर्षे संपादक राहिले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मेल’ने ‘एक्स्प्रेस’ला मागे टाकले आणि १९९८ मध्ये, व्हियर यांच्या निधनसमयी, खप २३ लाखांच्या आसपास होता.

इंग्लिश यांना थांबायला वेळ देणे परवडले, यामागे कंपनीच्या इतर उद्योगांचाही हात होता. प्रादेशिक वृत्तपत्रांची साखळी होती, उत्तर समुद्रातील तेलात गुंतवणूक होती आणि ‘मेल’चे अर्थविषयक संपादक पॅट्रिक सार्जंट यांनी १९६९ मध्ये कंपनीच्या पाठबळावर सुरू केलेले ‘युरोमनी’ हे मासिक चांगला नफा मिळवू लागले होते.

रविवार आणि संध्याकाळ

१९७८ मध्ये एस्मंड यांचे निधन झाले आणि व्हियर तिसरे व्हायकाउंट रॉदरमियर झाले. हा किताब घ्यायचा की नाही, याची निवड आता वारसाला करता येत होती. १९६३ च्या कायद्याने उमरावपद आयुष्यापुरते सोडून देण्याची मुभा दिली होती. प्रतिस्पर्धी ‘एक्स्प्रेस’चे मॅक्स एटकेन यांनी १९६४ मध्ये वडिलांचा बीव्हरब्रुक हा किताब याच कायद्याने सोडला होता. व्हियर यांनी किताब स्वीकारला. पुढे ‘एक्स्प्रेस’ बीव्हरब्रुक कुटुंबाच्या हातून १९७७ मध्ये गेले, तर ‘मेल’ रॉदरमियर कुटुंबाकडे राहिले. किताब ठेवण्या-सोडण्याशी वृत्तपत्राच्या भवितव्याचा संबंध नव्हता, हेच यातून दिसते.

२ मे १९८२ रोजी त्यांनी ‘मेल ऑन संडे’ सुरू केले. फॉकलंड युद्ध ऐन भरात असतानाची ही वेळ. आरंभ फसला. काही आठवड्यांतच खप अपेक्षेपेक्षा कितीतरी खाली आला. मग संपादक बदलण्यात आले, डेव्हिड इंग्लिश यांनी दैनिकाबरोबर रविवारच्या पत्राचीही सूत्रे तात्पुरती हाती घेतली आणि ‘यू’ हे रंगीत मासिकवजा पुरवणी त्याच्या जोडीला आली. रॉदरमियर पैसा ओतत राहिले. काही वर्षांत ते पत्र ‘संडे एक्स्प्रेस’च्या पुढे गेले.

संध्याकाळच्या पत्रांची लढाई अधिक रंगतदार होती. १९८० मध्ये घराण्याचे जुने ‘इव्हनिंग न्यूज’ बंद करून ते ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये विलीन करण्यात आले. या पत्राची मालकी ‘एक्स्प्रेस’ गटाबरोबर निम्मी-निम्मी होती. १९८५ मध्ये ‘एक्स्प्रेस’ गट दुसऱ्या हाती गेला तेव्हा रॉदरमियर यांनी उरलेला निम्मा वाटाही घेतला. २४ फेब्रुवारी १९८७ रोजी रॉबर्ट मॅक्सवेल यांनी ‘लंडन डेली न्यूज’ हे दिवसभर निघणारे पत्र काढून ‘स्टँडर्ड’ला आव्हान दिले. त्यावर रॉदरमियर यांनी एक अजब खेळी केली. सात वर्षांपूर्वी बंद केलेले ‘इव्हनिंग न्यूज’ त्यांनी पुन्हा जिवंत केले आणि ते स्वस्तात विकायला काढले. किमतीची लढाई जुंपली. नामसाधर्म्यामुळे वाचकांचा गोंधळही झाला. पाच महिन्यांत, जुलै १९८७ मध्ये, मॅक्सवेल यांनी पत्र बंद केले. काम झाल्यावर ‘इव्हनिंग न्यूज’ही पुन्हा मिटविण्यात आले. ‘नुसताच व्हियर’ म्हणून हिणवला गेलेला माणूस धंद्यात किती निष्ठुर होऊ शकतो, हे त्या वर्षी लंडनने पाहिले.

मालक आणि संपादक

आजोबा आणि नातू यांच्यातील खरा फरक संपादकाशी असलेल्या नात्यात होता. १९९२ मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चे संपादक पॉल डॅकर यांना मर्डॉक यांनी ‘टाइम्स’चे संपादकपद देऊ केले. बातमी कळताच रॉदरमियर यांनी इंग्लिश यांना कंपनीच्या अध्यक्षपदी बढती दिली आणि ‘मेल’चे संपादकपद डॅकर यांना दिले. डॅकर पुढे २०१८ पर्यंत त्या खुर्चीवर होते. म्हणजे १९७१ ते २०१८ या सत्तेचाळीस वर्षांत ‘डेली मेल’ला केवळ दोन संपादक लाभले.

संपादकाला मोकळीक देण्यात जोखीम असते. १४ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘मेल’ने पहिल्या पानावर पाच तरुणांची छायाचित्रे छापून त्यांना खुनी म्हटले आणि आपण खोटे बोलत असू तर आमच्यावर खटला भरा, असे आव्हान दिले. स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा १९९३ मध्ये वंशद्वेषातून खून झाला होता आणि कोणालाही शिक्षा झालेली नव्हती. निर्णय डॅकर यांचा होता, पण अब्रुनुकसानीचा दावा हरला असता तर पैसे मालकाच्या तिजोरीतून गेले असते. दावा कोणी लावला नाही. २०१२ मध्ये या प्रकरणी दोघांना शिक्षा झाली.

त्याच वर्षी, मे १९९७ मध्ये, टोनी ब्लेअर यांचा मजूर पक्ष सत्तेवर आला. ‘डेली मेल’ने निवडणुकीत हुजूर पक्षाची बाजू घेतली होती. त्यानंतर काही दिवसांतच लॉर्ड रॉदरमियर वरिष्ठ सभागृहात मजूर पक्षाच्या बाकांवर जाऊन बसले. सारे फ्लीट स्ट्रीट चकित झाले. हुजूरवाद्यांचे सर्वांत बोलके वृत्तपत्र आणि त्याचा मालक समोरच्या बाकावर! आणखी आश्चर्य म्हणजे वृत्तपत्राने आपला सूर बदलला नाही. डॅकर ब्लेअर सरकारवर टीका करीत राहिले आणि मालक मजूर पक्षाच्या बाकावर बसत राहिले.

याला संपादकीय स्वातंत्र्य म्हणायचे की दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याची व्यापारी हुशारी? दोन्हींचे मिश्रण म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. ब्रिटिश देशाभिमानाचा कैवार घेणाऱ्या या पत्राचे मालक करांच्या कारणास्तव बराच काळ पॅरिसमध्ये राहत होते, ही विसंगतीही टीकाकारांनी वारंवार दाखविली. स्थलांतरितांबद्दलचा ‘मेल’चा सूर अनेकांना खटकला, तो याच काळात अधिक तीव्र झाला. मालक हस्तक्षेप करीत नाही, हे संपादकासाठी वरदान असते. ज्यांच्यावर लिहिले जाते त्यांच्यासाठी मात्र दाद मागण्याचा एक दरवाजा त्यामुळे बंद होतो.

नियंत्रण राहते कसे?

चार पिढ्या एका घराण्याच्या हाती एवढी मोठी कंपनी कशी राहिली? उत्तर किताबात नाही, शेअरच्या रचनेत आहे. ‘डेली मेल अँड जनरल ट्रस्ट’चे दोन प्रकारचे शेअर होते. एका प्रकाराला कंपनीच्या सभेत मताधिकार होता, दुसऱ्याला नव्हता. शेअर बाजारात सर्वसामान्य गुंतवणूकदार मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे शेअर घेत. त्यांना लाभांश मिळे, पण अध्यक्ष कोण असावा, हे ठरविता येत नसे. मताधिकाराच्या शेअरवर कुटुंबाची पकड होती. बाहेरच्यांचा पैसा आणि घरच्यांचे मत, असे हे सूत्र.

अशा रचनेचे दोन्ही बाजूंनी परिणाम होतात. १९७१ नंतर खप घसरत असताना बाजाराच्या दबावाखालील मालकाने इंग्लिश यांना वेळ दिला नसता. ‘मेल ऑन संडे’ तर पहिल्याच वर्षी बंद झाले असते. घराण्याला पिढ्यांच्या हिशेबात विचार करता आला, म्हणून ही पत्रे जगली. पण हीच पकड पहिल्या रॉदरमियर यांच्याकडे होती तेव्हा त्यांना फॅसिस्टांचे गुणगान करण्यापासून रोखणारेही कोणी नव्हते. यंत्र एकच असते, ते चालविणारा हात जन्माच्या अपघाताने ठरतो. जून १९९८ मध्ये डेव्हिड इंग्लिश गेले आणि तीन महिन्यांच्या आत रॉदरमियर. संपादक निवडून आणता आला होता, मालक मात्र आधीच ठरलेला होता.

किताब गेला नाही, आसन गेले

जोनाथन यांच्या वाट्याला आलेले संसदेतील आसन फार काळ टिकले नाही. ब्लेअर सरकारने १९९९ मध्ये कायदा करून वंशपरंपरागत उमरावांपैकी ९२ वगळता सर्वांचा वरिष्ठ सभागृहातील हक्क काढून घेतला. सहाशेहून अधिक उमराव एका झटक्यात बाहेर पडले. चौथे रॉदरमियर त्यांत होते. उरलेल्या ९२ जागाही संपविण्यासाठी २०२४ मध्ये सरकारने विधेयक मांडले. कोणी केवळ जन्माने कायदे करणारा होऊ नये, या तत्त्वावर ब्रिटनमध्ये आता फारसा वाद उरलेला नाही.

वृत्तपत्रांच्या बाबतीत घडले ते नेमके उलट. जोनाथन यांच्या काळात १९९९ मध्ये ‘मेट्रो’ हे फुकट वाटले जाणारे दैनिक सुरू झाले. २००७ मध्ये ‘इंडिया टुडे’ समूहाच्या भागीदारीत दिल्लीहून ‘मेल टुडे’ निघाले. त्याची छापील आवृत्ती २०२० मध्ये बंद झाली. ज्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’साठी वडिलांनी मॅक्सवेल यांच्याशी झुंज घेतली, त्याचा मोठा वाटा २००९ मध्ये नाममात्र किमतीला विकावा लागला. २०१९ मध्ये ‘आय’ हे दैनिक घेण्यात आले. आणि २०२१-२२ मध्ये कुटुंबाने बाहेरच्या भागधारकांचे शेअर विकत घेऊन कंपनी शेअर बाजारातूनच काढून घेतली. आता मत नसलेले भागधारकही उरले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘टेलिग्राफ’ वृत्तपत्रे ५० कोटी पौंडांना घेण्याची या कंपनीची बोलणी जाहीर झाली, तेव्हा एका घराण्याच्या हाती किती वृत्तपत्रे असावीत, हा बाल्डविन यांच्या काळातील प्रश्न ब्रिटनमध्ये पुन्हा विचारला जाऊ लागला.

व्हियर हार्म्सवर्थ यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर करायला हवे. त्यांनी स्वतः एकही गाजलेला लेख लिहिला नाही. योग्य माणूस निवडणे, त्याच्या पाठीशी पैसा उभा करणे आणि मग बाजूला होणे, एवढेच त्यांनी केले. मालकाच्या अंगी असायला हवेत, त्यांतले हे दुर्मीळ गुण. परंतु ते गुण पुढल्या वारसात उतरतील, याची हमी कोणताही किताब किंवा कोणताही शेअर देऊ शकत नाही. कायद्याने उमरावाचे संसदेतील मत काढून घेतले. कंपनीच्या सभेतील त्याचे मत शाबूत आहे. त्यावर अंकुश ठेवण्याचे काम शेवटी वाचकालाच करावे लागते, कारण दैनिक विकत घ्यायचे की नाही, हे ठरविण्याचा हक्क तेवढा त्याच्याकडे उरला आहे.